सव्वीस दगड

पडद्यावर ओळ उमटली आणि माझ्या डाव्या अंगठ्याचे नख ठणकले. तसे ते दुखायचे थांबून पाच वर्षे होत आली. आता ते नुसते जाड आहे, मधोमध चिरलेले, आणि माझी बायको सुकन्या नखे कापायला बसली की त्याला सोडून देते. पण औरंगाबादच्या त्या थंडगार सभागृहात, गुबगुबीत खुर्चीत, समोर पाण्याची चिमुकली बाटली आणि खात्याचा शिक्का असलेली वही घेऊन बसलेलो असताना ते ठणकले, हे मी शपथेवर सांगेन. ओळ साधी होती. ‘चूक कुणाची हे शोधायचे नाही. चूक सर्वांनी मिळून उचलायची.’ पुण्याहून आलेले पाहुणे, परदेशात बोगदे आणि पूल बांधून आलेले गोरटेले गृहस्थ, आम्हा सत्तर-ऐंशी अभियंत्यांना समजावून सांगत होते की आता जगात ठेक्याची पद्धत बदलते आहे. मालक, ठेकेदार, अभियंता यांनी एकमेकांवर पत्रांचा मारा करायचा नाही. एकच करार करायचा, तिघांनी सही करायची, फायदा झाला तर तिघांचा, खोट आली तर तिघांची. अलायन्स म्हणतात त्याला, ते म्हणाले. आमच्यातले निम्मे जेवणानंतरच्या गुंगीत होते. उरलेले मनातल्या मनात हसत असावेत, कारण आमच्या खात्यात चूक झाली की पहिले काम काय असते ते सगळ्यांना ठाऊक आहे: आवक-जावक रजिस्टर उघडून आपले पत्र कोणत्या तारखेचे ते बघायचे. मग पाहुण्यांनी विचारले, ‘तुमच्यापैकी कुणी अशा करारावर काम केलं आहे? एक तरी?’ कुणाचाही हात वर गेला नाही. माझा हात मांडीवर होता, अंगठा मुठीत. दुसऱ्या रांगेत, माझ्या बरेच पुढे, हिंगोलीला असताना माझे उपअभियंता असलेले आणि आता बरेच वर चढलेले साहेब बसले होते. हात वर करायचा तर त्यांच्यादेखत सगळे सांगावे लागणार होते, आणि सगळे सांगायचे म्हणजे सुरुवात ‘माझी चूक झाली होती’ अशी करावी लागणार होती. ते वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेले नाही. सुकन्यापुढेही नाही.

बाटली मी उगाच तिरकी धरली. आतले पाणी सरळच राहिले. पाणी असेच असते, त्याला आपल्या कलण्याशी काही देणेघेणे नसते, आणि माझा सगळा धंदा त्यावरच चालतो. मी पातळ्या मोजणारा माणूस. तीन पायांच्या घोडीवर दुर्बीण बसवायची, लांब उभ्या केलेल्या पट्टीवरचे आकडे वाचायचे, आणि कुठली जागा कुठल्या जागेपेक्षा किती उंच हे सांगायचे. मला या कामाचा तोरा होता. घोंगडीवर जन्मलेला मी, माझ्या वडिलांची, नामाजीबाबांची मेंढरे कळमनुरीच्या माळावर वळत शिकलेला, आणि दुर्बिणीला डोळा लावला की आजूबाजूचे शिकलेसवरले लोकही गप्प उभे राहायचे. आमच्याकडे मेंढरांचा एक नियम होता. ज्याच्या पाळीला मेंढरू गेले, त्याचे नाव सगळ्या वाड्यात, म्हणजे मेंढपाळांच्या वस्तीत, फिरायचे. मी नऊ वर्षांचा असताना माझ्या पाळीला एक गाभण मेंढी लांडग्याने नेली. बाबा एक शब्द बोलले नाहीत, पण वर्षभर पाहुणा आला की यशोदाबाई, म्हणजे माझी आई, चहा देता देता सांगायची, ‘प्रभूच्या पाळीला गेली ती.’ तिच्या मनात काही वाईट नव्हते. माझ्या मनात मात्र तेव्हापासून एक गोष्ट पक्की बसली की काहीही गेले तरी ते आपल्या पाळीला गेले असे दिसता कामा नये. या शिकवणीवर मी खात्यात बरा चाललो होतो.

ज्या बंजारा तांड्यावर ती चूक झाली तो शिरड शहापूरच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून डोंगराकडे गेले की लागतो. चाळीस घरे. दोन हजार तीन साली योजना आली की पाण्याचे काम गावाने स्वतः करायचे: समिती गावाची, गवंडी गाव ठरवणार, सामान गाव घेणार, आणि अभियंत्याने फक्त मार्ग दाखवायचा. मी तेव्हा परिविक्षेवर होतो, म्हणजे दोन वर्षे निर्मळ काढली तर कायम, नाहीतर घरी. समितीची अध्यक्ष बाईच हवी असा नियम असल्यामुळे रूपाबाई अध्यक्ष झाल्या. त्या तांड्याच्या नायकाच्या, भावसिंगच्या, सूनबाई. नियमापुरत्या अध्यक्ष असतील असे मी धरून चाललो, ते पहिल्याच बैठकीत चुकीचे ठरले. सही करण्याआधी त्यांनी करारनामा मला मोठ्याने वाचायला लावला, सगळा, छापखान्याच्या नावासकट. नवव्या कलमाशी मी पोचलो. ‘काम सदोष झाल्यास जबाबदार व्यक्तीचे नाव’, आणि पुढे रिकामी रेघ. मी म्हणालो, इथे गवंड्याचे नाव टाका, तशीच पद्धत आहे. दगडोबा गवंडी शिरड शहापूरचा, उंच, अबोल माणूस, कोपऱ्यात बसला होता. त्याने मान खाली घातली. त्याला पद्धत ठाऊक होती.

‘काहून त्याचंच?’ रूपाबाई म्हणाल्या. ‘टाकी काय एकटा बांधून राहिला का तो?’

‘कुणाचं तरी एकाचं नाव लागतं, बाई.’

तेव्हा भावसिंग नायक बोलले. सत्तरीचे असतील, पांढरा पटका, बोलताना डोळे मिटायची सवय. ‘सायब, माया आजा लदेणीवर होता. शे-दीडशे बैल, पाठीवर मीठ, धान्य, पार कुठल्या कुठं जात. वाटंत बैल पडला त काय करत ठावं हाय का? पडलेल्या बैलाचं वझं काढत, आन् मुठीमुठीनं समद्या बैलावर वाटून टाकत. बैल कोणाचा, कोण हाकून राहिला व्हता, ते इचारत न्हाई. इचारत बसलं त तांडा तिथंच राह्यते, रानात. सगळे लिवा.’

‘सगळे म्हणजे?’

‘सगळे. तांडा, गवंडी, आन् तुमी बी.’

मला हसू आले, आणि आता कबूल करतो, थोडा रागही. माझे नाव एका गवंड्याच्या आणि चाळीस घरांच्या मोळीत बांधले जात होते. पण साडेपाचची बस होती, तालुक्याला कागद त्याच दिवशी पोचायचा होता. मी त्या रेघेवर ‘सगळे’ असे लिहिले आणि मनात म्हटले, कोण वाचतो नववे कलम.

मोजणी नोव्हेंबरमध्ये केली. डोंगरात एक झरा आहे, चैत्र-वैशाखातही न आटणारा. तिथून नळाने, मोटार नाही की वीज नाही, पाणी आपल्या वजनाने तांड्याच्या वरच्या अंगाला टाकीत यायचे. टाकी जितकी उंच तितके वरच्या घरांना सोयीचे, म्हणून मी जागा अगदी ओढून वर धरली. झऱ्याच्या तोंडापेक्षा टाकीचे तोंड फक्त तीन फूट खाली. हा उतार मी पोस्टकार्डावर हिशेब करून काढला होता आणि स्वतःवर बेहद्द खूश होतो. सगळी मोजमापे एका खुणेवरून घ्यायची असतात. मी सेवाभायाच्या, म्हणजे संत सेवालालांच्या, देवळाच्या ओट्याच्या पायरीचा एक घडीव दगड निवडला, त्यावर लाल ऑइलपेंटने फुली मारली. रूपाबाई कडेवर लेकरू घेऊन बघत होत्या. ‘हे काय करून राहिले, सायब?’ मी दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणालो, ‘सरकारी खूण आहे. जपा.’ बस्. एवढे चार शब्द. जपायची म्हणजे जागची हलवायची नाही, हे सांगायला आणखी चार शब्द लागले असते. त्या दिवशी मला ते जास्त वाटले.

त्यांनी जपली. फेब्रुवारीत सेवालाल जयंती. त्याआधी तांड्याने वर्गणी काढून देवळाचा ओटा वाढवला, तीन थर दगड वर चढवले. आता सरकारी खुणेचा दगड खालच्या थरात गाडला जाणार, त्यावर पाय पडणार. हे कसे चालेल? चार माणसांनी तो पहारीने अलगद उकलला, धुतला, आणि नव्या ओट्याच्या पायरीला, वर, अगदी तशाच तोंडाने बसवला. फुली फिकी झाली होती म्हणून रूपाबाईंनी तिच्यावरून लाल रंगाचे एक बोट फिरवले. मार्चमध्ये मी टाकीची पातळी द्यायला गेलो तेव्हा फुली मला नेहमीपेक्षा ठसठशीत दिसली आणि मी मनात म्हटले, वा, माणसे नीट आहेत. ओटाच उंच झालाय, इकडे लक्ष गेले नाही. खूण तीन फूट चार इंच वर गेली होती, म्हणून तिच्यावरून मोजलेली टाकीही तेवढीच वर गेली. पुस्तकात लिहिलेले असते की दुसऱ्या एखाद्या खुणेवरून ताळा घ्यावा. रस्त्यावरच्या पुलावर माझी दुसरी खूण होती, अर्ध्या मैलावर. ऊन होते, मी गेलो नाही. दगडोबाने टाकीखालचा चौथरा बांधायला घेतला तेव्हा त्याला अंदाजापेक्षा तीन थर जास्त लागले. त्याने ते कुठून तरी आणले, बांधले, काही बोलला नाही. पुढे त्यानेच सांगितले, ‘मनात आलं व्हतं सायब, पर तुमचं यंत्र होतं.’

मेच्या पहिल्या आठवड्यात झऱ्याचे तोंड उघडले. सगळा तांडा टाकीभोवती. बायका हंडे घेऊन, नटून. नळाच्या तोंडातून आधी वारा आला, मग एक खरखर, मग तीही थांबली. वाट बघितली. एक तास, दोन तास. दगडोबाने टाकीच्या तोंडाजवळचा जोड उकलला आणि आत वाकून पाहिले. पाणी आले होते. टाकीच्या तोंडाखाली चार इंचांवर येऊन उभे होते, स्वच्छ, निवांत. दुर्बिणीतून अर्धा इंच ओळखणाऱ्या माझ्या डोळ्यांना ते चार इंच दिसले, आणि त्याच क्षणी खाली देवळाच्या ओट्यावरची लाल फुलीही दिसली. मला सगळे कळले. कळले आणि मी बोललो नाही. माझ्या ओठांवर नऊ वर्षांचा प्रभू येऊन बसला होता.

चार दिवसांनी साहेब आले, हेच, दुसऱ्या रांगेतले. ओट्याकडे बघून, वहीतले आकडे बघून त्यांनी विचारले, ‘चूक कुणाची?’ मी परिविक्षेचे उरलेले महिने मोजत उभा होतो. भावसिंग नायक डोळे मिटून म्हणाले, ‘मायी हाय. दगड म्या हलवाया लावला.’ रूपाबाई म्हणाल्या, ‘त्याहीची न्हाई, मायी. जपा म्हनले होते, म्याच म्हनलं वर घ्या.’ कोपऱ्यातून दगडोबा म्हणाला, ‘तीन थर जादा लागले तवाच म्या बोलाया पायजे होतं. मायी बी हाय.’ मग सगळे माझ्याकडे बघू लागले. अपेक्षेने नाही, हे महत्त्वाचे. पंगतीत वाढणारा पुढच्या पानाशी येतो, तसे त्यांचे डोळे नुसते पुढे सरकले. मी म्हणालो, ‘साहेब, नवव्या कलमात सर्वांची जबाबदारी असं नमूद आहे.’ साहेबांनी तो कागद वाचला, माझ्याकडे एकदा बघितले, आणि काहीच न लिहिता जीपमध्ये बसले. जाताना म्हणाले, ‘महिनाअखेर पाणी पडू दे. फाइल मी बघतो.’ फाइलमध्ये आजही लिहिलेले आहे: उन्हाळ्यामुळे मजूर उपलब्ध न झाल्याने कामास विलंब.

त्याच संध्याकाळी बैठक झाली आणि वझे वाटले गेले. टाकी उतरवायची, चौथरा तीन थर कमी करायचा, त्याच दगडांची टाकी पुन्हा उभी करायची. उतरवलेल्या दगडांना चिकटलेले सिमेंट छिन्नीने खरवडायचे आणि दगड वर नेऊन दगडोबाच्या हातात द्यायचा. चाळीस घरांचे चाळीस वाटे, एकेचाळिसावा दगडोबाचा, बेचाळिसावा माझा. वाट्याला सव्वीस दगड. मला एक जास्त दिला असता तर मी समजलो असतो, ती शिक्षा झाली असती. एक कमी दिला असता तर तो साहेबाचा मान झाला असता. सव्वीस म्हणजे सव्वीस. मी मान हलवली, हिंगोलीला आलो, आणि पुढचे दोन रविवार गेलो नाही. घरी पेपर वाचत बसलो. सुकन्याने विचारले, बरे नाही का? मी म्हणालो, ऊन आहे. मला वाटत होते, चाळीस घरे आहेत, माझे सव्वीस त्यांनी कधीच उचलले असतील, त्यांचा स्वभावच तसा आहे. लोकांच्या चांगुलपणाचा असा हिशेब धरण्यात मी तेव्हा तरबेज होतो.

तिसऱ्या शनिवारी एस.टी.चा कंडक्टर ऑफिसात निरोप देऊन गेला: नायकाने सांगितले आहे, काम थांबले आहे. थांबले? मी रात्रभर तळमळलो नाही, खोटे कशाला बोलू, पण सकाळची पहिली बस पकडली. चढ चढून टाकीशी गेलो तर टाकी जवळजवळ उभी होती. नवा चौथरा, चारही भिंती, दगडांचे सांधे भरलेले. फक्त एका बाजूला, अगदी वरच्या थरात, दोन-अडीच हातांची खिंड. आणि खाली, कडुनिंबाच्या सावलीत, शेरडांनी उधळू नये म्हणून बाभळीचे फेस, म्हणजे वाळल्या काटेरी फांद्या, टाकून झाकलेला एक छोटा ढीग. मोजायची गरज नव्हती. मोजले. सव्वीस.

दगडोबा बिडी विझवून उठला. ‘गिलावा करायचा राह्यला, सायब. भिंत पुरी झाली की एका दिसात करतो.’

‘कधीपासून थांबलंय?’

‘आज नऊ दिस.’

नऊ दिवस. खाली ओढ्याच्या वाटेवर बायका डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चढत होत्या, मेच्या शेवटच्या आठवड्यातल्या उन्हात, जशा वर्षानुवर्षे चढत आल्या होत्या. त्यातल्या पहिल्या रूपाबाई. त्यांनी हंडे उतरवले, पदराने तोंड पुसले, आणि मला पाण्याचा तांब्या दिला. त्याच पाण्याचा. मी तो हातात धरूनच म्हणालो, ‘बाई, सव्वीस दगड होते. एका तासाचं काम. कुणीही केलं असतं. नऊ दिवस तुम्ही...’

‘केलं असतं,’ त्या म्हणाल्या. ‘नायकाला म्या बी तेच म्हनलं. त ते म्हनले, सायबाचं वझं आपन उचललं त सायब तांड्यातून भाईर पडते. मंग तो एकटाच राह्यते ना, त्याची चूक घेऊन. बसा, आधी पानी प्या.’

मी पाणी प्यालो. मग रूपाबाईंनी छिन्नी आणि हातोडी दिली, आणि सगळ्या बायका, म्हातारे, शेरडे राखणारी पोरे आपापल्या कामाला निघून गेली. कुणी बघत बसले नाही, ही केवढी मोठी गोष्ट होती ते मला दुपारी कळले. सातव्या दगडाला अंगठा चेचला. दगडोबाने हळद आणि चिंधी आणली, बांधली, आणि आठवा दगड माझ्यासमोर सरकवला. दोन वाजेपर्यंत सव्वीस झाले. शेवटचा मी स्वतः वर नेऊन त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटून पाहिला, एक कोपरा अजून खरवडायचा होता तो दाखवला, मी खरवडला, आणि मग त्याने तो बसवला. भिंत पुरी झाली. जूनच्या चार तारखेला टाकीत पाणी पडले. मी तिथे होतो, हंडेवाल्यांच्या रांगेत, आणि रडलो, आणि हळदीने पिवळी झालेली चिंधी डोळ्यांना लावल्यामुळे रडतोय की डोळे चुरचुरतायत हे कुणाला कळले नाही. तरी तेव्हाही मी ते वाक्य बोललो नाही. त्यांनी कधी मागितले नाही. या पाच वर्षांत मी कायम झालो, बढती मिळवली, घर बांधले, आणि रोज सकाळी अंघोळीला नळ सोडला की मनात त्या चाळीस घरांचे उपकार येऊन जातात. उपकार हा शब्दही मोठा वाटतो. त्यांनी मला माफ केले नाही. त्यांनी मला वाटा दिला. माफी दिली असती तर मी ती घेऊन कधीच विसरलो असतो.

पाहुणे पडदा बदलायच्या बेतात होते. ‘नाही ना कुणी? साहजिक आहे, आपल्याकडे ही कल्पना अजून नवीन—’ एवढ्यात माझा हात वर गेलेला मला दिसला. डावा, जाड नखाचा. एका शिपायाने माइक आणून दिला. दुसऱ्या रांगेतले साहेब सावकाश मागे वळले, आणि मला आठवले की त्या दिवशी नववे कलम वाचून त्यांनी माझ्याकडे अगदी असेच पाहिले होते. त्यांना तेव्हाच माहीत होते. त्यांनीही कुठेतरी एक मूठ वझे उचलले होते आणि मी त्यांना इतकी वर्षे साधे धन्यवादही म्हटले नव्हते. माइक थंड होता. सभागृहातली सगळी डोकी माझ्याकडे होती, आणि आश्चर्य म्हणजे मला वाड्यातला पाहुणा आठवला नाही, चहाचा कप आठवला नाही. बाभळीच्या फेसाखाली झाकलेला ढीग आठवला, नऊ दिवस वाट बघणारा.

‘करार कुणाकुणात होता?’ पाहुण्यांनी कुतूहलाने विचारले. ‘आणि काही चुकलं का त्यात?’

‘एक तांडा, एक गवंडी आणि मी,’ मी म्हणालो. ‘चूक माझी झाली होती. माझ्या वाट्याला सव्वीस दगड आले.’